ग्लास कोण भरतं?

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी मी विषय घेतला होता : कॉलेजातली मुलं घोळक्यात बसली की कोणामुळे किती पितात. प्रश्नावली वाटून हे कळणार नाही, असं गाईड मॅडमचं ठाम मत. किती प्यायलो ते दुसऱ्या दिवशी नीट आठवत नाही, आणि "मित्रांमुळे प्यायलो" असं लिहून कोण देतं? म्हणून शेजारच्या टेबलावर बसून बघायचं ठरलं.

पद्धत जुनीच आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी कॅनडातल्या एडमंटनच्या बिअर पार्लरांमध्ये बसून केलेलं निरीक्षण १९६५ साली छापून आलं. घोळक्यातली माणसं एकट्याने पिणाऱ्यांपेक्षा जास्त पीत होती, कारण ती जास्त वेळ बसत होती. ते वाचून आमच्या तक्त्यात बसण्या-उठण्याच्या वेळेचा रकाना आला.

एथिक्स कमिटीने मात्र अडवलं. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ ही वयाची अट. आम्ही बघणार त्यातले काही जण कायदा मोडत असणार, तेही त्यांना न विचारता. मग त्यांना आमच्यापासून संरक्षण काय? प्रश्न रास्त होता, मला तो आधी सुचायला हवा होता. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, नाव-कॉलेज-हॉटेल काहीही टिपायचं नाही, आणि कोणाच्या जिवाला धोका दिसला तर निरीक्षण सोडून मदत करायची, हे लेखी दिलं. मंजुरी मिळायला तीन महिने गेले.

खरी दमछाक झाली ती घोट मोजताना. मी आणि माझा वर्गमित्र एकच टेबल वेगवेगळं टिपायचो आणि घरी येऊन ताळा करायचो. आकडे जुळेनात. दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा, कोहेनचा 'कॅपा', काढला (शून्य म्हणजे निव्वळ योगायोगाने जुळावं तितकंच, एक म्हणजे तंतोतंत), तर तो लाजिरवाणा निघाला. मी ग्लास ओठाला लागला की घोट धरत होते, तो गिळल्याशिवाय धरत नव्हता. त्यात क्वार्टर टेबलावर, पाणी-सोडा हाताने ओतलेला. पेग केवढा हे लांबून कळणार कसं? शेवटी घोट सोडले आणि ग्लास भरण्याची प्रत्येक वेळ टिपायला लागलो : कोणी भरला, कोणाचा, आधीचा संपला होता का.

तेव्हा टेबल खरं दिसायला लागलं. "पी रे" असा आग्रह आम्ही क्वचितच ऐकला. बोलता बोलता एकाचा हात बाटलीकडे जायचा आणि शेजाऱ्याचा अर्धा ग्लास पुन्हा काठोकाठ व्हायचा. ज्याचा ग्लास भरला, तो बहुतेक वेळा वरही बघायचा नाही. प्रश्नावलीत या हातासाठी रकाना कुठून आणणार?

शेवटच्या आठवड्यात एक मुलगा पार्किंगमध्ये उताणा पडला होता आणि त्याला उलटी होत होती. सोबतचे बिल भरत होते. आम्ही वही बंद केली, त्याला कुशीवर वळवलं, मित्रांना हाक मारली आणि रिक्षा मिळेपर्यंत तिथेच थांबलो. त्या टेबलाचा तक्ता आम्ही बाद केला.