हात बाळाचे, तोंड शाळेचं

बाळ झाल्यावर आमच्या घरच्या शाळेत सगळ्यात आधी हस्तकला बंद पडली. मग प्रयोग. मग हळूहळू लिखाण. ज्याला ज्याला आईचे दोन हात लागतात ते एकेक करून गळालं. आता बाळ सात महिन्यांचं आहे आणि जे टिकलंय ते सगळं तोंडी: पाढे, तोंडी हिशेब, गोष्टी, वाचून दाखवणं, नकाशासमोर बसून गप्पा. थोरली नऊची, मधला सातचा, धाकटी पाचची. तिघांना मिळून एक आई, आणि तिच्या मांडीवर कायम कुणीतरी.

सुरुवातीला मी वेळापत्रक केलं होतं. नऊ ते दहा गणित, दहाला मराठी वगैरे. भिंतीवर चिकटवलंही. सावंतवाडीच्या पावसात ते कागद फुगून खाली आलं आणि मी परत लावलं नाही. सात महिन्यांच्या बाळाची झोप वेळापत्रक बघून येत नाही. बाळ झोपलं की मी लंगोट धुते, कारण इथे जुलैत दुपटं वाळायला दोन दिवस लागतात आणि शेवटी तव्यावर नाहीतर इस्त्रीखालीच वाळवावं लागतं. म्हणजे बाळ झोपलेलं असताना शिकवणं होत नाही. ते जागं असताना, अंगावर पीत असतानाच होतं. हे उलटं वाटेल, पण पाजायला बसले की मी एका जागी असते आणि तिघं मला सापडतात.

त्यातही अडचण आहेच. या वयात बाळाला आवाज झाला की दूध सोडून मान वळवून बघायचं असतं. थोरलीने मोठ्याने भागाकार सांगायला घेतला की संपलंच. म्हणून आमच्याकडे पाढे कुजबुजत चालतात. मधला माझ्या गुडघ्याला टेकून बसतो आणि एकोणीसचा पाढा इतक्या हळू म्हणतो की मला ओठांकडे बघावं लागतं. एकोणीस सक्कं चौदोत्तरशे इथे दरवेळी अडकतो. मी भुवई वर केली की समजतो, मागे जातो, पुन्हा येतो. बाळाला हे चालतं. खरं तर एका लयीतली कुजबुज त्याला आवडते, कधी कधी पाढा संपायच्या आत डोळे मिटतात.

तोंडी गणिताला मराठी आकडे अवघड जातात हे मला या वर्षी कळलं. कागदावर 63 आणि 73 यांत गोंधळ नाही, कानाला त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांत आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आमचे आप्पा, म्हणजे सासरे, अजून चिडतात. मी मात्र बेरीज करताना मधल्याला ‘साठ तीन’ म्हणू देते आणि उत्तर त्रेसष्ट असं सांगायला लावते. दोन्ही येतंय त्याला. आप्पांनी यावर सूड म्हणून त्याला पावकी, निमकी आणि दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे शिकवायला घेतले. आता तो औटकीवर, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यावर आहे. चार औटे चौदा. अपूर्णांक म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, पण दीड वाटी तांदूळ सहा वेळा घेतले तर नऊ वाट्या होतात हे तो न थांबता सांगतो. आप्पांचा मुद्दा मला मान्य नाही, त्यांचे पाढे मान्य आहेत.

हात लागणाऱ्या गोष्टींपैकी घरात जे तसंही करायचंच असतं तेवढं उरलं. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं सुरू केलं तेव्हा नाचणीसत्त्व घरी केलं. नाचणी भिजवली, फडक्यात बांधली, मोड आले. धाकटीने दर थोड्या वेळाने पुरचुंडी सोडून बघितल्यामुळे मोड जरा उशिराच आले असतील. मग वाळवणं, दळणं, वस्त्रगाळ करणं. थोरलीने आधी किती वाट्या आणि शेवटी किती वाट्या हे लिहून ठेवलं, आणि चाळलेला कोंडा धरून हिशेब का जुळत नाही यावर तिचं आणि मधल्याचं भांडण झालं. त्या भांडणात मी पडले नाही.

लिहिलं मात्र कुठे, तर जुन्या पाठ्यपुस्तकात. 2023 मध्ये बालभारतीने पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं घातली होती, पुढे तो निर्णय मागे घेतला. थोरलीच्या त्या पुस्तकातली कोरी पानं मीच भरली आहेत. धड्याच्या पुढे बाळाचं वजन, चौदाव्या आठवड्याची लस, आणि नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाची आठवण.

वाण्याकडे गेलं की हमखास विचारणा होते, “काय गो, आज पोरांक शाळा नाय?” लॉकडाऊनमध्ये थोरलीची बालवाडी फोनवर भरायची, तिथून हे सुरू झालं आणि शाळा उघडल्यावरही आम्ही परत गेलो नाही, एवढंच. सासूबाईंना ‘पुढे काय’ ही काळजी होती. त्यांना मी सांगितलं की 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा वर्षांपुढच्या, शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घेण्याची तरतूद आहे. एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. पण त्यांना पटलं ते दहावीला बाहेरून बसण्याच्या सतरा नंबरच्या फॉर्ममुळे. त्यांच्या धाकट्या भावाने तोच भरला होता.

न जमलेली गोष्ट एकच, धाकटीचं अक्षर. पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून गिरवून घ्यायला हात मोकळा हवा. म्हणून थोरलीला बसवलं. पण थोरलीचा ळ जिलबीसारखा, सुरू कुठे आणि संपतो कुठे कळत नाही, आणि आता धाकटीचाही हुबेहूब तसाच येतोय. त्याहून वाईट म्हणजे थोरली कंबरेवर हात ठेवून “नीट बस, पाय खाली” म्हणायला लागली. तिने ताई राहावं, बाई होऊ नये. तो तास मी काढूनच टाकला.

आता दुपारी सासूबाई पाटीवर गिरवून घेतात. त्यांचं वळण सुरेख आहे, आणि एकेका अक्षरावर त्या दिवसभर थांबू शकतात, मला नाही ते जमत. या शनिवारी त्या आठवडाभर देवगडला जातायत. लिखाणाला तेवढे दिवस सुट्टी, आणि ळ त्या आल्यावरच.