तुम्ही विचारलंत म्हणून: चार इंचांची लिफ्ट का काढली

जुन्या पिकअपवर काम केलंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'लिफ्ट किती इंचांची?' म्हणजे उंच पाटे घालून गाडी किती वर उचलली. दोन इंच, असं सांगितलं की लगेच दुसरा, 'आधी चारची होती ना? मग काढली का?' आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच तिसरा, 'घाबरलात का?' तिन्ही प्रश्न इतक्यांदा आलेत की एकदा सगळं लिहूनच टाकतो. गाडीची ओळख करून देत बसत नाही. शिडीसारखी चेसिस, पुढे-मागे अखंड हौसिंग (दोन चाकांना जोडणारी अ‍ॅक्सलची नळी), चारी बाजूंना पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पुढे डिस्क आणि मागे ड्रम, एवढं पुरे.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. हो, घाबरलो होतो. पण पाटे उतरवले ते नुसते तेवढ्यासाठी नाही.

उंचीबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. लिफ्टने चेसिस आणि बॉडी वर जाते. हौसिंग जमिनीपासून जिथे होतं तिथेच राहतं. दगडाला आधी लागतो तो डिफचा, म्हणजे हौसिंगच्या मधल्या डिफरेन्शियलचा गोळा, आणि त्याला वर नेतं फक्त टायर, तेही निम्म्या हिशेबाने. ३१ इंची काढून ३३ इंची घातलं तर व्यास दोन इंचांनी वाढतो आणि डिफ एकाच इंचाने वर येतो. मग लिफ्ट कशासाठी? मोठं टायर वर-खाली होताना पत्र्याला घासू नये, पोट मोकळं राहावं, चढाला लागताना आणि उताराखाली पोचताना बंपर टेकू नये, यासाठी. ३३ इंचांना त्याकरता दोन इंच आणि मडगार्डची कड थोडी कापणं जवळजवळ पुरतं. चार इंच मी घातले कारण गाडी उंच दिसायला हवी होती. हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता तो उतार.

चार इंचांचे पाटे घालून काही महिने झाले होते. मास्टर सिलिंडर नवा, बूस्टर नवा, पुढचे पॅड नवे, मागच्या ड्रममध्ये घासणारे लायनर नवे, ड्रम घासून गोल करून घेतलेले. चाक पूर्ण खाली लोंबलं तरी ताण येऊ नये म्हणून ब्रेकचे रबरी होजसुद्धा लांब घातले होते. सपाट रस्त्यावर जोरात दाबून पाहिलं, गाडी सरळ थांबत होती. ब्रेक उत्तम आहेत असं मी चारचौघांत सांगत होतो, आणि ते मनापासून सांगत होतो.

मागे पाण्याचे कॅन, स्टेपनी, हत्यारांची पेटी, जॅक मिळून तीनशे किलोंच्या आसपास वजन होतं. उतार लांब, सुट्ट्या खडीचा. गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणारी सावकाश रेंज) पण दुसऱ्या गिअरवर, म्हणजे इंजिन धरत होतं पण पुरतं नाही, आणि उरलेलं काम पाय करत होता. सतत थोडं थोडं दाबणं. अर्धा उतार संपला आणि पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला ते फळीपर्यंत गेलं. भराभर चार वेळा पंप केल्यावर थोडा दाब आला, पुन्हा गेला. त्या क्षणी क्लच दाबून पहिला टाकायला जाणं म्हणजे इंजिनने धरलेलं तेवढंही सोडून देणं. गिअरला हात लावला नाही, हँडब्रेक ओढला. मागची चाकं धरली, गाडी तिरकी झाली आणि उजवीकडच्या बांधाला टेकून थांबली. बंपर वाकला, बाकी काही नाही.

हँडब्रेक लागला, हेच त्या दिवसाचं उत्तर होतं आणि ते मला तेव्हा वाचता आलं नाही. हँडब्रेक केबलने मागचेच लायनर ओढतो. म्हणजे मागचे ड्रम, लायनर, सगळं धडधाकट होतं. पुढच्या डिस्क निळसर पडल्या होत्या, जवळ हात नेववत नव्हता. मागच्या ड्रमवर मात्र तळहात टेकवता येत होता. इतक्या लांब उतारावर ब्रेक दाबत आलेल्या, मागे वजन भरलेल्या गाडीचे मागचे ड्रम कोमट. अर्ध्या तासाने पेडल आपोआप कडक झालं.

एका गॅरेजमध्ये सांगितलं गेलं, हवा होती. दोनदा हवा काढली, ब्रेक ऑइल बदललं, पॅड बदलले. पेडल दगडासारखं कडक झालं आणि त्या कडकपणाने सगळ्यांचं समाधान झालं. माझंही. ऑइल जुनं होतं हे खरंच होतं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि ओलं झालं की १४० अंशांची हमी उरते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उकळलेल्या ऑइलची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल खाली जातं. हे स्पष्टीकरण बरोबरच आहे. पण ऑइल उकळण्याइतक्या पुढच्या डिस्क तापल्या का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

कारण मागे, चेसिसला लावलेल्या एका छोट्या व्हॉल्व्हमध्ये होतं. बऱ्याच जुन्या पिकअपना तो असतो. त्याची एक दांडी मागच्या हौसिंगला जोडलेली असते. माल भरला की मागचा भाग बसतो, हौसिंग चेसिसच्या जवळ येतं, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दांडी खाली, मागे दाब कमी, म्हणजे हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. आता पाट्यांनी चेसिस चार इंच वर नेली. दांडी चार इंच खाली ओढली गेली. तीनशे किलो भरल्यावर गाडी दोन इंच बसली तरी व्हॉल्व्हच्या हिशेबी ती रिकामीपेक्षाही रिकामी. मागचा दाब जवळजवळ बंद, आणि सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर.

सपाट रस्त्यावर कळलं का नाही? ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, आणि रिकाम्या पिकअपचे मागचे ब्रेक तसेही फार काम करत नाहीत. नसलेली गोष्ट नसल्याचं जाणवतच नाही. ती जाणवते माल भरून, लांब उतारावर, म्हणजे नको तिथे.

खात्री करायची रीत सोपी आहे. एक प्रेशर गेज पुढच्या हवा काढायच्या निपलच्या जागी लावायचा, दुसरा मागच्या. आतली हवा काढून पेडल हळूहळू दाबायचं आणि दोन्ही काटे बघायचे. पुढचा अमुक असताना मागचा किती हवा, ते त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मागच्या वजनानुसार दिलेलं असतं. माझ्या गाडीत माल भरलेला असतानाही पुढचा काटा चढत गेला आणि मागचा थोडा चढून तिथेच थांबला. उपायही मोठा नाही. जेवढी लिफ्ट, तेवढीच दांडीची हौसिंगवरची जागा ब्रॅकेट लावून वर घ्यायची आणि गेजवर पुन्हा जुळवायचं. व्हॉल्व्ह काढून थेट पाइप जोडायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. मग रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं.

इथे माझा आधीचा मी उभा राहतो. तो म्हणतो, दोष ब्रॅकेट न लावण्याचा होता, चार इंचांचा नव्हता. ब्रॅकेट लावलास, विषय संपला, मग पाटे का उतरवलेस? त्याचं म्हणणं चूक आहे असं मला अजून ठामपणे म्हणता आलेलं नाही.

माझं उत्तर एवढंच की त्या दांडीसारख्या आणखी कितीतरी गोष्टी कंपनीने ठरवलेल्या उंचीवर बसवलेल्या असतात. गिअरबॉक्सकडून मागच्या डिफला फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट घ्या. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (कोनात फिरू देणारा सांधा) असलेल्या शाफ्टमध्ये ट्रान्सफर केसची (जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीची) फ्लँज आणि पिनियनची (डिफमध्ये शिरणाऱ्या दंडाची) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिथे बोल्टने बसतो त्या चकत्या, एकमेकींना समांतर लागतात, फरक फार तर एका अंशाचा. पाट्यांखाली पाचर मारून पिनियन शाफ्टकडे वर वळवला की नजरेला सरळ वाटतं, पण समांतरपणा मोडतो आणि विशिष्ट वेगाला शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा थरथरतो. पिनियन शाफ्टच्या रेषेत वळवायचा तो वरच्या टोकाला दुहेरी क्रॉस असेल तेव्हाच. समांतर राखूनही चार इंचांनी कोन वाढतो, क्रॉस लवकर खातात, आणि मागचं चाक पूर्ण लोंबलं की शाफ्टचा सरकता दातेरी भाग, म्हणजे स्प्लाइन, किती बाहेर येते ते मोजावंच लागतं. पाटे बदलताना यू-बोल्ट नवेच घ्यावेत, जुने ताणलेले असतात. आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. पुढच्या हौसिंगवर पाटा आणि हौसिंगच्या मध्ये ठोकळा तर कधीच घालायचा नाही.

चेसिसला पडलेली भेग मात्र लिफ्टच्या नावावर टाकणार नाही, ती टायरची. ३३ इंची टायर दगडात अडकवून स्टिअरिंग फिरवलं की सगळा जोर स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांवर आणि तिथल्या चेसिसवर येतो. भेग बोल्टाच्या भोकापासून सुरू होते आणि रंगाखाली केसाएवढी दिसते. तिथला भाग तारेच्या ब्रशने उघडा करून बघावा, हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. सडलेला पत्रा भद्द वाजतो. भेगेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे धावत नाही, मग व्ही खाच करून वेल्डिंग, वरून पट्टी. पट्टीची टोकं चौकोनी नकोत, निमुळती हवीत. चेसिसला आडवा छेद देणारी वेल्डिंगची रेघ म्हणजे पुढच्या भेगेची जागा. आणि वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची.

गिअरचा प्रश्न ज्यांना पडायला हवा त्यांना पडत नाही. ४.१० च्या क्राउन-पिनियनवर (डिफमधल्या गिअरच्या जोडीवर) ३१च्या जागी ३३ इंची म्हणजे आधीसारखी ओढ हवी असेल तर ४.३६ चं गुणोत्तर लागेल. ते सहसा मिळत नाही, म्हणून ४.५६ घ्यावं, पुढे आणि मागे सारखंच, नाहीतर फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही हौसिंग एकमेकांविरुद्ध पीळ घालतात. पहिल्या गिअरचं ३.९, फोर-लोचं २.२८ आणि डिफचं ४.१० यांचा गुणाकार साधारण ३६.५ येतो, ४.५६ ने ४०.५. त्या उतारावर मी पहिल्या लोमध्ये निघालो असतो तर ब्रेकला एवढं काम पडलंच नसतं. ही चूक व्हॉल्व्हची नाही, ती माझी. स्पीडोमीटरही विसरू नका, ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने धावत असते.

लॉकर, विंच, दिव्यांबद्दल विचारू नका, ते सगळं नंतर. त्याआधी डिफचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायचे, पाइप लांब करून बॉनेटपर्यंत वर न्या. तापलेलं हौसिंग गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. डिफचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला.

दोन इंचांनी सगळं सुटलं असंही नाही. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं आणि चाक पूर्ण दबलेलं असताना ३३ इंची टायर मागच्या कडेला अजून घासतं. तिथली शिवण हातोडीने आत बसवली, तरी घासतं. बंप स्टॉप (चाक फार वर येऊ नये म्हणून लावलेला रबरी अडसर) अर्धा इंच वाढवला तर घासणं थांबेल, पण चाकाची वर जायची हालचाल तेवढी कमी होईल, आणि दगडांत मला तीच हवी आहे. चार इंचांत हे घासत नव्हतं. ते पाटे विकलेले नाहीत.