लपवलेला धक्का

तान्ह्या पोळ्यानंतरच्या रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात जे घडले, त्याला आता दोन महिने होत आले. सीतादहीची पूजा होऊन कापसाची पहिली वेचणी सुरू झाली, तरी तो प्रसंग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि कामाला बसले की तोच आधी समोर येतो.

मी गेम तयार करणाऱ्या एका लहान कंपनीत काम करते. कंपनी पुण्यात आहे आणि मी गेली चार वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावातून काम करते. सध्या आम्ही मोबाइलवर खेळण्याचा कार्ट रेसिंगचा गेम करत आहोत. बुटक्या गाड्या, वळणावळणांचा रस्ता, वाटेतल्या पेट्यांतून मिळणारी अस्त्रे आणि एका वेळी आठ स्पर्धक, असे त्याचे स्वरूप आहे. गेम करणे म्हणजे चित्रे काढणे, असा बहुतेकांचा समज असतो. माझा दिवस मात्र आकड्यांच्या एका तक्त्यासमोर जातो. पहिल्या गाडीला पेटीतून काय मिळावे आणि आठव्या गाडीला काय, किती वेळा मिळावे, किती वेळ टिकावे, हे त्या तक्त्यात लिहिलेले असते. आज पहिल्यांदा फोन हातात घेतलेल्या मुलालाही शर्यतीत जीव वाटला पाहिजे आणि सहा महिने घासून खेळलेल्या मुलाचे कसबही वाया जाता कामा नये, हे दोन्ही त्या तक्त्यातून साधायचे असते.

हा पेच या प्रकाराइतकाच जुना आहे. १९९२ साली निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘सुपर मारिओ कार्ट’ आला, तेव्हापासून मागे पडलेल्याच्या हातात अधिक जोरदार अस्त्र देण्याची रीत आहे. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’ मध्ये थेट पहिल्या क्रमांकाचा माग काढत जाणारे काटेरी निळे कवच हे अस्त्र आले, आणि चांगले खेळणारे लोक आजही त्याच्या नावाने बोटे मोडतात. मला ते कवच मनापासून आवडते, कारण ते सर्वांना दिसते. कोणी मारले, कोणाला लागले, हे एका खोलीत बसलेल्या चौघांना एकाच क्षणी कळते आणि हरणाऱ्यालाही ओरडायला निमित्त मिळते. पुढे अस्त्रांचे वाटप नुसत्या क्रमांकावर न करता पहिल्या गाडीपासूनच्या अंतरावर करण्याची पद्धत आली, आणि माझ्या मते या प्रकारात झालेली ती सर्वांत शहाणी सुधारणा आहे. कारण पहिल्याच्या अगदी पाठीला लागलेला पाचवा आणि अर्धा फेरा मागे राहिलेला पाचवा यांची गरज एक नसते.

परंतु मदतीचा दुसरा एक प्रकार आहे आणि तो कोणाला दिसत नाही. धंद्यात त्याला रबर-बँडिंग म्हणतात. मागची गाडी जणू रबराने पुढच्या गाडीला बांधलेली असते. अंतर वाढले की तिचा वेग गुपचूप वाढतो आणि पुढच्या गाडीचा थोडा कमी होतो. आमच्या गेममध्ये हा भाग मी लिहिला होता. पहिल्या गाडीपेक्षा चार सेकंदांहून अधिक मागे पडलेल्या गाडीला सात टक्के अधिक वेग मिळे आणि पुढच्या गाडीचा वेग दोन टक्क्यांनी घटे. वेग वाढेही हळूहळू आणि उतरेही हळूहळू, त्यामुळे धक्का जाणवत नसे, आणि पडद्यावरचा वेगाचा आकडा मात्र नेहमीचाच दिसे. आकडा न बदलण्याची कल्पना माझी होती आणि त्या सफाईचा मला अभिमान होता.

त्या रविवारी वाचनालयात बारा मुले आली. ग्रंथपाल गुरुजींनी वर्तमानपत्रांचे लांब टेबल मोकळे करून दिले. मी पाच फोन नेले होते, बाकीच्यांनी घरचे आणले. आमच्याकडे रेंज वेशीजवळच येते, म्हणून सगळे फोन एका राउटरवर जोडले, आणि लाइन गेली तर तो चालू राहावा म्हणून बॅटरी सोबत ठेवली. चाचणीसाठी मी गावातलेच फोन मागते आणि त्यावरून कंपनीतल्या काही जणांशी माझे सतत वाजते. ज्यांनी दहा हजारांच्या आतला फोन कित्येक वर्षांत हातात धरला नाही, ते कसबाच्या गोष्टी फार करतात. आमच्या गेममध्ये वळणावर गाडी घसरवत नेऊन योग्य क्षणी बोट उचलले की पुढे झेप मिळते, आणि त्या योग्य क्षणाची रुंदी होती शंभर मिलिसेकंद. फोन सेकंदाला साठ चित्रे दाखवत असेल, तर त्या वेळात सहा चित्रे डोळ्यांसमोरून जातात. स्वस्त फोन तापून वीस चित्रांवर आला की उरतात दोन. मग तिथे मुलाचे कसब मोजले जाते की त्याच्या बापाने फोनवर खर्च केलेले पैसे, हा प्रश्न मी तीन बैठकांत मांडला आणि तिन्ही वेळा तो पुढच्या बैठकीवर गेला.

सातवीतली एक मुलगी वडिलांचा फोन घेऊन आली होती. त्याची काच उजव्या खालच्या कोपऱ्यात फुटलेली होती, आणि घसरण्याचे बटण आम्ही नेमके त्याच कोपऱ्यात ठेवले होते. ती उजवा अंगठा काचेपासून दूर धरून डावा अंगठा पडद्यावरून आडवा नेत असे; तोपर्यंत वळण संपलेले असे. पहिल्या दोन शर्यतींत ती सातवी आली. तिसरीत दोनदा रस्त्याबाहेर जाऊनही ती पहिली आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वहीत मी बरोबरची खूण केली, कारण आमच्या हिशेबाने गेमने आपले काम चोख केले होते.

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि विचारले, “ताई, मी दोनदा खाली गेली. ह्यानं एकबी चूक नाई केली. मंग मी ह्याच्या समोर कशी आली?”

ज्याच्याकडे तिने बोट दाखवले तो नववीतला मुलगा होता, त्या खोलीतला सर्वांत तयार खेळाडू. तोही थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “माही गाडी सरळ रस्त्यावर जड पडते, ताई. कोणी लय मांग राह्यलं की पडतेच.”

दोन टक्के फरक त्याच्या अंगठ्यांना कळला होता. पुण्यात आठ महिने तो कोणालाही कळला नव्हता.

त्यानंतर त्यांनी जे केले ते पाहताना मी काही बोलू शकले नाही. या मुलाच्या घरी पटाची बैलजोडी आहे आणि शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, सेकंदाच्या शंभराव्या भागावर जोड्यांचा निकाल लागताना त्याने लहानपणापासून पाहिलेला आहे. त्याने दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावले. आमच्या ट्रॅकवर पूल आणि देऊळ यांच्यामध्ये सरळ रस्ता आहे. मुलगी आधी सर्वांच्या बरोबरीने तो रस्ता धावली, तेव्हा १२.७ सेकंद लागले. मग ती सुरुवातीलाच पाच सेकंद थांबून राहिली, सर्वांना पुढे जाऊ दिले आणि नंतर तोच रस्ता धावली. वेळ आली ११.९. त्यांनी हे तीनदा करून पाहिले, आकडे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहिले, आणि वेगाचा आकडा खोटे बोलतो आहे हेही मुलीनेच सांगितले, कारण दोन्ही वेळा तो सारखाच होता. वीस मिनिटांत माझा सगळा भाग त्यांनी उघडा पाडला.

“म्हंजे मी नाई जिंकली,” ती म्हणाली. “गाडीच जिंकली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याने हिशेबातली चूक दाखवावी तसे तिने ते सांगितले, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. मी लहान खेळाडूंना सांभाळून घेते आहे, अशा समजुतीत होते. प्रत्यक्षात मी तिचा विजय तिच्याकडून काढून घेतला होता आणि त्या मुलाचा त्याच्याकडून.

खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले एक काका तरुणपणी पटात जोडी हाकणारे नावाजलेले धुरकरी होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने पट बंद झाले तेव्हा त्यांनी जोडी विकली, आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळेपर्यंत त्यांचे वय निघून गेले होते. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, “पटात हळू जोडीले मांगून कोणी ढकलत नाई, बाई. तिचा गट अलग ठेवते.”

ते खरेच आहे. आमच्या भागातल्या पटांत नामांकित जोड्यांचा गट वेगळा आणि गावच्या जोड्यांचा वेगळा असतो. शेतात राबणारी जोडी कोणाशी धावणार, हे आधीच ठरलेले आणि सर्वांना माहीत असते. त्या रात्री मी त्यांच्या म्हणण्यावर फार वेळ विचार केला. लाखो लोक इंटरनेटवर खेळत असतील तर गट पाडता येतात. परंतु एका टेबलाभोवती बारा मुले असतील, त्यांत बहीणभाऊ असतील, आणि त्यांना एकमेकांशीच खेळायचे असेल, तर गट पाडणे म्हणजे त्यांना उठवून वेगवेगळ्या खोल्यांत बसवणे झाले. कार्ट रेसिंगचा सगळा जीव त्या एका टेबलात आहे. बैलाला काय वाटते ते बैलच जाणे, पण धाकट्या भावाला ताईच्याच शर्यतीत उतरायचे असते.

मला त्यातल्या त्यात पटलेले उत्तर २०१७ च्या ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये आहे. त्यात स्मार्ट स्टिअरिंग नावाची सोय आहे, जी गाडीला रस्त्याबाहेर जाऊ देत नाही. ती प्रत्येक खेळाडूने आपल्यापुरती चालू किंवा बंद करायची असते, त्यामुळे अगदी लहान मूल आणि मुरलेला खेळाडू एकाच शर्यतीत धावू शकतात. ती चालू असली की गाडीवर लहानसा अँटेना दिसतो, म्हणजे मदत लपवलेली नसते. शिवाय तिची किंमत मोजावी लागते: ती चालू असताना वळणावरची सर्वांत मोठी झेप मिळत नाही आणि रस्त्याबाहेरून जाणाऱ्या काही आडवाटाही घेता येत नाहीत. कसब वाढले की खेळाडूला स्वतःच ती बंद करावीशी वाटते.

मी आठवडाभर त्या धर्तीवर काम केले. लपवलेला वेग पूर्ण काढला. त्याऐवजी ‘साथ’ नावाची सोय केली. ती ज्याने घेतली त्याच्या गाडीमागे एक पिवळी पताका फडफडते, मागे पडल्यावर वेग वाढतो, आणि आता वेगाचा आकडा खरा दिसतो. मोठी झेप मात्र तिच्यात मिळत नाही. घसरण्याचे बटण पडद्यावर कुठेही सरकवता येईल असे केले. योग्य क्षणाची रुंदी फोन किती चित्रे दाखवतो त्यावर ठरवली, म्हणजे कोणत्याही फोनवर निदान पाच चित्रे हाताशी राहतील. कंपनीतल्या वरिष्ठांना हे आवडले नाही. नवा माणूस पहिल्याच शर्यतीत शेवटचा आला तर गेम काढून टाकतो, आणि पताका पाहून त्याला कमीपणा वाटतो, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना वर्तमानपत्राच्या कडेवरच्या आकड्यांचा फोटो पाठवला. त्यांचे म्हणणे मला तेव्हा निव्वळ धंद्याचे वाटले होते.

पुढच्या रविवारी तीच मुले आली. मुलीने बटण डाव्या बाजूला घेतले, साथ बंद केली, आणि दुपारभरात आठव्या क्रमांकावरून चौथ्यापर्यंत आली. आपण कितव्या वळणावर किती वेळ गमावतो, हे ती त्या नववीतल्या मुलाला विचारून लिहून घेत होती. तिच्या दुसरीतल्या भावाने साथ चालू ठेवली आणि आपली पताका सर्वांत मोठी आहे असे प्रत्येकाला दाखवत फिरला. मला वाटले, जमले.

पण सहावीतला एक मुलगा होता, अबोल, पहिल्या रविवारी कोपऱ्यात बसून खेळलेला. त्या दिवशी तो एकदा तिसरा आला होता आणि खूप हसला होता. माझ्या वहीत ते लिहिलेले आहे. या वेळी त्याने साथ घेतली. कोणी तरी म्हणाले, “अबे, पताकावाला.” कोणी वाईट हेतूने म्हटले असे मला वाटत नाही. त्याने लगेच साथ बंद केली, तीन शर्यती खेळला, तिन्ही वेळा शेवटचा आला, फोन व्यवस्थित टेबलावर ठेवला आणि आईने बोलावले आहे असे सांगून गेला.

त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही, आणि पुढेही नाही. शाळेत जाताना तो आमच्या घरावरून जातो आणि मला पाहून मान हलवतो. मी आता एका नव्या आवृत्तीत पताका काढून, साथ घेतल्याची खूण फक्त त्या खेळाडूच्याच पडद्यावर दिसेल असे केले आहे. त्यात वेगाचा आकडा खरा आहे आणि त्या मुलापासून काही लपवलेले नाही. पण शेजारी बसलेल्या त्या नववीतल्या मुलापासून ते लपवलेलेच आहे, आणि त्याच्या अंगठ्यांना ते पुन्हा कळेल, हे मला ठाऊक आहे. दोन्ही आवृत्त्या माझ्या फोनवर आहेत. येत्या रविवारी वाचनालयात कोणती न्यायची, ते अजून ठरलेले नाही.