मुरूम लागेपर्यंत

बेळगावच्या पूर्वेकडच्या काळ्या रानात घर बांधताना गवंडी आधी विचारतो, "मुरूम किती फुटांवर?" काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायावरची भिंत कोपऱ्यातून तिरपी तडकते. बायबलमधल्या मत्तय 7:24-27 मध्ये एक घर खडकावर, दुसरं वाळूवर; पाऊस, पूर, वारा दोन्ही घरांवर येतो. लूक 6:48 एक गोष्ट जास्त सांगतो: खडकावर पाया घालणाऱ्यानं खोल खणलं. खणणं म्हणजे ऐकलेलं वचन पाळणं, नुसतं ऐकणं नव्हे. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे 31 अध्याय आहेत, रोज एक वाचा. बुद्धी देवानंच दिली आहे, ती वापरावीच. पण सगळा भार तिच्यावर नको (नीतिसूत्रे 3:5). जमीन, सोयरीक, कर्ज ठरवताना आधी प्रार्थना (याकोब 1:5), मग चर्चच्या मंडळीतल्या जाणत्यांचा सल्ला, मग सही. बहुतेकांचं इथेच चुकतं: सही आधी होते आणि प्रार्थना हप्ता थकल्यावर.