सात शिलिंग आणि सहा जणांचे रुमाल

मे महिन्याच्या पहिल्या पहाटे इंग्लंडातल्या एखाद्या टेकडीवर पन्नाशीतले सहा गृहस्थ पायात घुंगरू बांधून रुमाल उडवताना दिसले, तर घाबरू नका. तो मॉरिस डान्स.

हे कधीपासून, असं पबमध्ये विचारलंत तर हमखास उत्तर मिळेल: ख्रिस्तपूर्व सुगीचा विधी! कागद वेगळंच बोलतात. सर्वांत जुनी नोंद १४४८ ची, लंडनच्या सोनारांच्या संघानं नर्तकांना दिलेल्या सात शिलिंगांची. जन्मदाखला म्हणून बिल! नावही बहुधा 'मूरिश'वरून, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांच्या नावावरून, म्हणजे बाहेरून आलेली फॅशन. 'हजारो वर्षांची परंपरा' आपणही उठताबसता म्हणतो, मान्य. पण आपल्यापुढे कुणी सोनाराची वही उघडत नाही.

नाच मात्र दिसतो तितका बावळट नाही. उजवा, डावा, उजवा आणि त्याच उजव्यावर उडी. मग डाव्यापासून तेच. लेझीम खेळलेल्यांना मोजणी लगेच जमते, पण वाकायची सवय नडते. इथे पाठ ताठ ठेवून वर उसळायचं. (लेझीमच अवघड, हे मी अगदी तटस्थपणे सांगतो.) घुंगरू घोट्यावर नसतात, नडगीवर असतात, चामड्याच्या पट्ट्यांवर शिवलेले. पट्टा सैल राहिला की चार उड्यांत सगळा साज बुटावर. रुमालाला झटका हात वर गेल्यावर मनगटातून द्यायचा. खांद्यातून दिलात तर वाळत घालायचे कपडे झटकल्यासारखं दिसतं. काठ्यांच्या नाचात भित्रा माणूस आधी मार खातो. तो ऐन वेळी काठी मागे घेतो आणि समोरच्याचा घाव थेट त्याच्या मुठीवर बसतो.

१८९९ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये सेसिल शार्प (पुढे इंग्रजी लोकगीतं आणि लोकनृत्यं गोळा करणारे) यांनी हा नाच पहिल्यांदा पाहिला. नाचाचा हंगाम नव्हता; थंडीनं कामं बंद पडली, म्हणून चार पैशांसाठी मंडळी बाहेर पडली होती. कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरायची छोटी भात्याची पेटी, वाजवणारा विल्यम किंबर गवंडीकाम करणारा. पुढे शार्पनी त्यात प्राचीन विधी शोधला. किंबरला त्या दिवशी रोजगार शोधायचा होता.

नाच संपला की टोपी फिरते, सुट्टी नाणी जवळ ठेवा. आणि विदूषकापासून चार हात लांब राहा. त्याच्या काठीला परंपरेनं डुकराचा फुगवलेला मूत्राशय बांधलेला असतो, आणि त्याचे फटके बघ्यांनाही बसतात.