पाव नव्हे, मान्थौ

पुण्यात मी चिनी भाषा शिकवते. त्या दिवशी वर्गात लू शुनची १९१९ सालची ‘औषध’ ही कथा होती. मान्थौ म्हणजे काय हे समजावत बसण्यापेक्षा दाखवावं, म्हणून मैद्याचं पीठ यीस्ट घालून फुगवलं आणि मोदकपात्रात डझनभर उकडून नेले. पांढरे, गोल, आत सारण नाही. मुलांनी गप्पा मारत खायला घेतले.

मग वाचन सुरू झालं. चहावाला बाप पहाटे साठवलेले पैसे घेऊन वधस्थानाकडे जातो. क्षय झालेल्या मुलासाठी, नुकत्याच मारलेल्या क्रांतिकारकाच्या रक्तात बुडवलेला मान्थौ आणतो. कमळाच्या पानात गुंडाळून चुलीत भाजतो. मुलगा तो काळा गोळा फोडतो तेव्हा आतून पांढरी वाफ येते. खाऊन झाल्यावर चव काय होती तेही त्याला आठवत नाही. मुलगा जगत नाहीच. (या क्रांतिकारकामागे १९०७ साली शाओशिंगला शिरच्छेद झालेली खरी क्रांतिकारक छिउ चिन आहे. आजारी मुलाच्या आणि क्रांतिकारकाच्या घरांची आडनावं ह्वा आणि श्या. जोडली की चीनचं जुनं नाव होतं, ह्वाश्या.)

वर्गातलं खाणं थांबलं होतं.

शेवट छिंगमिंगचा, थडगी झाडून मृतांना नैवेद्य ठेवण्याच्या दिवसाचा. गावाबाहेर थडग्यांची दाटी. श्रीमंताच्या वाढदिवसाला मान्थौ रचावेत तशी. माझ्या भाषांतरात मी सगळीकडे ‘पाव’ लिहीत आले होते. मागच्या बाकावरची मुलगी हातातल्या अर्ध्या मान्थौकडे बघत म्हणाली, “मॅडम, पाव तर चौकोनी असतो. थडगी पावासारखी कशी दिसतील?”

औषध म्हणून पोटात गेलेली वस्तू शेवटी मातीचा उंचवटा होऊन समोर येते. चिनीत थडग्याला मातीचा मान्थौ म्हणायची जुनी रीतच आहे. तो धागा माझ्या एका शब्दानं तोडला होता, इतकी वर्षं. मी तिथेच ‘पाव’ खोडला.

पुढे दोन्ही मुलांच्या आया आपापल्या थडग्यापुढे चार ताटल्या भाज्या आणि वाडगाभर भात मांडतात. निष्पर्ण झाडावर कावळा बसलेला असतो. क्रांतिकारकाची आई म्हणते, बाळा, तू इथे असशील तर त्याला तुझ्या थडग्यावर येऊन बसू दे.

चिनी नैवेद्यात काकस्पर्श नसतो, हे मी सांगणारच होते. तेवढ्यात तीच मुलगी हळूच म्हणाली, “शिवला का?”

मी पुढचं वाचलं. कावळा मोठ्यानं ओरडला, पंख पसरले आणि बाणासारखा दूर आभाळाकडे निघून गेला.