शांत जागा

इंग्रजी सिनेमा लागायच्या आदल्या रात्री आमच्या प्रोजेक्शन बूथमध्ये एकच प्रश्न असतो: इंटरव्हल कुठे टाकायचा? हिंदी-मराठीवाले तो स्वतःच ठरवून देतात, पाटीसकट. हॉलिवूडला ही भानगड ठाऊक नाही. त्यांचा सिनेमा सलग चालतो, आणि आपला माणूस काही समोशावाचून पावणेतीन तास बसत नाही. मग चालत्या सिनेमात दिवे लावायचं पाप ऑपरेटरच्या माथी. वितरकाकडून कधी वेळ लिहून येते, कधी येत नाही. त्या दिवशी आली नव्हती.

शनिवार, १७ मे २०२५. ‘मिशन इम्पॉसिबल’चा आठवा भाग, ‘द फायनल रेकनिंग’, अमेरिकेच्या सहा दिवस आधी आपल्याकडे लागला. लांबी १६९ मिनिटं. घोडबंदर रोडवरच्या ज्या मल्टिप्लेक्समध्ये मी प्रोजेक्शन सांभाळतो, तिथे तीन पडद्यांवर होता. दोनवर इंग्रजी, एकावर हिंदी डब. पहिला शो सकाळी साडेआठचा.

हल्ली सिनेमा आधीच येऊन सर्व्हरमध्ये कुलूपबंद पडून राहतो. तो उघडायची ‘की’ वेगळी येते आणि ठरलेल्या वेळेआधी चालत नाही. आमची रात्री बाराला उघडली, तेव्हा शेवटचे शो अजून सुरू होते. हॉल रिकामे होईपर्यंत पावणेदोन वाजले. पहिली दहा मिनिटं लावून चित्र आणि आवाज तपासला, मग एकदम मध्याच्या थोडं पुढे उडी मारली. निळसर काळोख, पाणी, त्यात एकटाच माणूस, कुणी काही बोलत नाही. म्हटलं, वा, शांत जागा आहे. कुणाचं वाक्य अर्ध्यात तुटणार नाही. तिथे क्यू, म्हणजे सिनेमा आपोआप थांबवून दिवे लावायची खूण, टाकला आणि कळव्याला घरी येऊन झोपलो.

सकाळी तिकीट खिडकीवर एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. ‘मागचा भाग बघितला नसेल तर चालेल का हो?’ मागचा भाग, ‘डेड रेकनिंग’, २०२३ च्या जुलैचा. त्याच्या नावात तेव्हा ‘पार्ट वन’ होतं, पुढे ते काढून टाकलं. खिडकीवरच्या पोरीने ‘चालेल, चालेल’ म्हणून तिकीट फाडून दिलं. नंतर सिनेमा बघताना मला पटलं की ती अगदी बरोबर बोलली होती. मागचं सगळं हा सिनेमाच सांगत बसतो, तासभर.

पहिल्या शोला मी क्यू तपासायला हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभा राहतो. तिथून पडदा अर्धाच डोळ्यांत असतो, खरं लक्ष दाराकडे. माझी एक जुनी सवय आहे, दार किती वेळा उघडतं ते मोजायचं. लॉगशीटच्या मागे पेन्सिलीने रेघा ओढतो. समीक्षक काय लिहायचं ते लिहोत, दार उघडलं की कॉरिडॉरचा पिवळा उजेड आत येतो आणि सिनेमा तेवढा सैल पडला आहे हे कळतं.

पहिल्या तासात मी सव्वीस रेघा ओढल्या. अॅक्शन सिनेमाच्या पहिल्या दिवशी, पहिल्या शोला, ते पण सकाळी, हे फारच झालं. कारण सरळ होतं. जुन्या भागांचे तुकडे, मग बैठक, मग राष्ट्राध्यक्ष बाईंचा निरोप, मग पुन्हा बैठक. प्रत्येक जण एथन हंटला, म्हणजे टॉम क्रूझच्या हिरोला, सांगतो की तू किती थोर आहेस आणि आता सगळं तुझ्यावर आहे. अरे, आम्हाला माहीत आहे, म्हणून तर सुट्टीच्या दिवशी उठून आलो! खलनायक म्हणजे ‘एंटिटी’ नावाची कृत्रिम बुद्धी. तिला ना चेहरा, ना खोड्या. तिच्या वतीने हिंडणारा गेब्रियल मागच्या भागात भीतीदायक होता, इथे बराच वेळ नाहीसाच होतो. या तासात हॉल मोकळेपणी हसला तो एकदाच. एथन मारामारी करतो, ती दाखवतच नाहीत, फक्त त्याची साथीदार ग्रेस हिचं कसनुसं होणारं तोंड दिसतं. दाखवण्यापेक्षा न दाखवण्यात ही मंडळी हुशार आहेत, हे तिथेच लक्षात यायला हवं होतं.

मग तो समुद्रात उतरला. बेरिंग समुद्राच्या तळाशी बुडालेली रशियन पाणबुडी, ‘सेवास्तोपोल’. तिच्यातून एक वस्तू आणायची आहे. इथे बोलणं संपतं. पाणबुडी हळूहळू कलते, गडगडते, आत टॉर्पेडो एकमेकांवर लोळतात, आणि हा माणूस त्यांच्यामधून वाट काढतो. लोखंडाचं कण्हणं सोडलं तर आवाज नाही. टॉम क्रूझ तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. माझ्यापुढच्या रांगेतल्या बाईंचा हात पॉपकॉर्नच्या टबात गेला तो तिथेच राहिला. मी दाराकडे बघायचं विसरलो. रेघा बंद.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निळसर काळोख. पाणी. एकटाच माणूस. रात्रीची माझी शांत जागा हीच.

बूथ हॉलच्या मागे असला तरी तिथे जायचा जिना कॉरिडॉरच्या टोकाला आहे. मी धावलो. कॅन्टीनच्या पोराला धक्का लागून त्याच्या हातातली ट्रे हलली. दोन-दोन पायऱ्या चढून कीपॅडवर नंबर दाबला, चुकला, पुन्हा दाबला. आत शिरलो तोवर स्क्रीनवरच्या ओळीने क्यू ओलांडला होता. काचेतून खाली पाहिलं. हॉलचे दिवे मंद मंद लागत होते आणि पडद्यावर थंड पेयाची जाहिरात नाचत होती.

आधी दोन सेकंद कुणाला काही कळलं नाही. मग एकदम आरडाओरडा. एकाने थेट माझ्या काचेकडे वळून हात वर केला, ‘ए, काय चाललंय काय!’ शिट्ट्या. शिव्या ऐकू येत नव्हत्या, पण ओठांवरून कळत होत्या. हे सगळं मी समजू शकतो. समजलं नाही ते पुढचं. कुणी उठलंच नाही. मध्यंतर झालं की हॉल निम्मा रिकामा होतो, हा माझा एकोणीस वर्षांचा अनुभव. त्या दिवशी दिवे लख्ख लागलेले आणि भरलेला हॉल जागच्या जागी बसून. तीन-चार पोरं तेवढी पळत गेली, पळतच परत आली. चार मिनिटांनी कॅन्टीनवाला बूथच्या दारात. ‘साहेब, इंटरव्हल झाला ना? माझ्याकडे माणूस नाही एक.’ त्याने शंभर समोसे तळून ठेवले होते.

दहा मिनिटांचं मध्यंतर मी सहाव्या मिनिटाला संपवलं. तसं करायचा मला अधिकार नाही, पण बसलेल्या लोकांना जाहिराती तरी किती दाखवायच्या.

मॅनेजरने बोलावून घेतलं. ‘तू बघितलं नव्हतंस?’ बघितलं होतं हो, पण सिनेमा असा मधूनच एक मिनिट बघून कळतो का? दुसऱ्या शोला मी क्यू पाणबुडीच्या पार पुढे नेला. त्यावर कॅन्टीनची तक्रार, की इतक्या उशिरा दिल्यावर लोक ‘आता घरी जाऊनच जेवू’ म्हणतात. मग कॅन्टीनवाल्याला पहिल्या तासाचा माझा रेघांचा कागद दाखवला. म्हटलं, तुझा धंदा इथे होऊन गेला आहे, मोज. त्याने खरंच मोजल्या.

पुढचा भाग मी तुकड्या-तुकड्यांत पाहिला. शेवटाकडे दोन छोटी विमानं, दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांवर, आणि वाऱ्याने गालाची कातडी फडफडत असलेला क्रूझ पंख धरून लोंबकळतोय. तिथे एकही रेघ नाही. हे त्याने खरंच केलंय, हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि माहीत असूनही पोटात खड्डा पडतोच. पण त्यानंतर एथनचा जुना साथीदार लूथर याच्या आवाजातलं छोटेखानी प्रवचन येतं, आणि लोकांचे मोबाइल पेटायला लागतात. २००६ च्या तिसऱ्या भागातली ‘रॅबिट्स फूट’ नावाची वस्तू नेमकी काय होती, ते तेव्हा सांगितलंच नव्हतं. मजा त्यातच होती. इथे तिचा पत्ता लावून दिलाय. एथनच्या मागावरचा एजंट ब्रिग्ज हा पहिल्या भागातल्या गद्दार जिम फेल्प्सचा मुलगा, हे असंच एक. सांगितलं, आणि तिथेच राहिलं. घर आवरताना सगळ्या डब्यांना लेबलं लावावीत तसं.

संध्याकाळच्या शोला काका आले. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते. ठाण्यातल्या एका जुन्या एकपडदा थिएटरात त्यांनी आयुष्य काढलं. दोन मशीनं, साधारण वीस मिनिटांचं एकेक रीळ, पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशीन सुरू. मध्यंतर कुठे करायचं ते ठरवायला ते आदल्या दिवशी पूर्ण सिनेमा बघायचे, डबा खात. १९९६ चा पहिला भाग त्यांचा फार लाडका. त्यातला तो तिजोरीसारख्या खोलीतला प्रसंग, जिथे आवाज झाला तर अलार्म वाजतो आणि एथन दोरीला लोंबकळत असतो. काका म्हणायचे, त्या सीनला मशीनची घरघर खाली ऐकू जाईल म्हणून मी काचेवर हात ठेवून उभा राहायचो. कामाचं काही नाही, पण ठेवायचे.

शो सुटल्यावर खाली चहाच्या टपरीवर भेटलो. मी सकाळची फजिती सांगितली. त्यांनी मला रागे भरलं नाही, उलट हसले. मग विषय निघाला डनलोचा. पहिल्या भागातला तो बिचारा कर्मचारी, ज्याच्या खोलीत ही चोरी झाली आणि ज्याला शिक्षा म्हणून अलास्काला धाडायचा हुकूम सुटला. तोच नट, रॉल्फ सॅक्सन, एकोणतीस वर्षांनी या भागात परत आणलाय. त्या खोलीत पडलेली सुरी त्याने जपून ठेवली आहे. शिक्षेबद्दल कडवटपणा नाही, उलट तिकडे त्याला बायको मिळाली. आठव्या भागातली जुन्या भागांशी मारलेली ही एकच गाठ मला मनापासून आवडली, कारण ती हिरोची नाही, त्याच्यामुळे ज्याची वाट लागली त्या माणसाची आहे.

‘सुरी बघून बरं वाटलं,’ काका म्हणाले. मग कपात बघत जरा ओशाळून, ‘सुरुवातीला डोळा लागला होता रे माझा. एसी फार थंड ठेवता तुम्ही. पाण्यात उडी मारली तेव्हा जाग आली. त्याआधी काही महत्त्वाचं झालं का?’

मी जरा आठवून पाहिलं.

‘लूथर गेला,’ म्हटलं.

‘अरेरे. अजून?’

‘अजून काही नाही.’

त्यांनी मान हलवली आणि चहावाल्याला आणखी एक कटिंग सांगितला. माझा रात्रीचा शो अजून बाकी होता.